बिबट्यासाठी लावलेले सिनेमे

भुताचा सिनेमा आमच्या पडवीत चालत नाही. तो वाईट असतो असे मी म्हणत नाही, पण त्यात शांतता फार असते. बाई हातात मेणबत्ती घेऊन जिना चढते, दार करकरते, मग बराच वेळ काहीच नाही. पाहणाऱ्याच्या छातीत त्या वेळी धडधड व्हावी अशी त्यांची योजना असते. आमच्याही छातीत व्हायची, पण कारण वेगळे होते. टीव्ही गप्प झाला की समोरच्या उसाची सळसळ ऐकू यायची, आणि ती वाऱ्याची आहे की आणखी कशाची, हे ठरवता यायचे नाही.

आमची वस्ती शिरूर तालुक्यात, इनामगावच्या बाजूला, घोड नदीपासून जवळ. मी गावच्या डेअरीत सकाळच्या पाळीला दुधाची फॅट तपासतो आणि नोंदी ठेवतो. दुपारनंतर शेती आणि चार गायी. घरासमोर अंगण, अंगणापुढे पायवाट, आणि पायवाटेला लागून आमचाच ऊस. कारखान्याची तोड अजून मिळाली नव्हती, त्यामुळे तो डोक्याच्या वर गेलेला आणि आतून गच्च.

दिवाळी झाली आणि शेजारच्या वस्तीवरच्या आप्पांचा कुत्रा बिबट्याने नेला. अंगणातून नेला, माणसे चहा पीत बसलेली असताना. आप्पा सांगत होते की कुत्रा ओरडलासुद्धा नाही. त्यानंतर वनखात्याची माणसे येऊन सांगून गेली. उजेड ठेवा, आवाज ठेवा, पोरांना एकटे सोडू नका, उसाकडे पाठ करून वाकून बसू नका. वाकलेला माणूस त्याला जनावरासारखा दिसतो. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याने गळ्यात घालायचे खिळ्यांचे पट्टे बनवायला सुरुवात केली. बिबट्या मान धरतो म्हणून. माझ्या बायकोने एक आणला. गवताला जाताना ती तो घालायची. पहिल्या दिवशी मला हसू आले. मग ती विळा घेऊन वाकली आणि ते खिळे मानेवर उभे राहिलेले दिसले, तेव्हा हसू गेले.

आवाजासाठी मी टीव्ही घरातून पडवीत आणला. जावई दौंडला रेल्वेत आहेत; त्यांनी मागे टीव्हीला इंटरनेट जोडून दिले होते, त्यामुळे सिनेमांना तोटा नव्हता. पडद्याचे तोंड उसाकडे केले आणि शेजारी मोठा स्पीकर ठेवला. आता टीव्हीसमोर बसायचे तर उसाकडे पाठ करावी लागणार. ते कोणी करेना. म्हणून आम्ही भिंतीला पाठ लावून बाजूने, तिरके बघायचो. त्या दिवसांत पाहिलेले सगळे नट मला काडीसारखे बारीक आठवतात.

सिनेमाला दहापैकी मार्क द्यायची माझी जुनी सवय आहे. पूर्वी मी ते गोष्टीवर आणि खरेपणावर द्यायचो. सिनेमातली नायिका भर दुपारी धार काढायला बसली की एक मार्क गेला. एका गाण्यात नायकाची डेअरी उभी राहिली की दोन गेले. टीव्ही पडवीत आल्यावर मोजमाप बदलले. सिनेमात सलग आवाज किती आणि खंड किती, एवढेच मी बघू लागलो.

त्या हिशेबाने प्रेमाच्या सिनेमाला सहा. गाणी दणदणीत असतात, पण दोन गाण्यांच्या मध्ये ती दोघे एकमेकांकडे बघत बसतात आणि मागे नुसता वारा. वारा आमच्याकडे होताच. कोर्टाच्या सिनेमाला चार. वकील चांगले ओरडतात, पण न्यायाधीशांनी हातोडा आपटला की सगळे चिडीचूप. पोलीस तपासाच्या सिनेमाला तीन, कारण त्यातली हुशार माणसे कुजबुजतात. विनोदी सिनेमाला सात. देवाच्या सिनेमाला मार्क देणे मला बरे वाटत नाही, पण टाळ-घंटा भरपूर असतात एवढे नोंदवतो. दक्षिणेकडच्या, हिंदीत आवाज दिलेल्या हाणामारीला मी सुरुवातीला नऊ दिले होते. माणसे उडतात, गाड्या फुटतात, एक क्षण उसंत नसते. पण तिसऱ्या दिवशी गायीने पान्हा चोरला. धार काढताना बायको ओरडली, ‘‘अहो, ती तोफ बंद करा आधी, गाय थरथरायलीय!’’ मी ते नवाचे पाच केले.

जावयांनी एक बक्षीस मिळालेला सिनेमा सुचवला होता. त्यात एक म्हातारा बाजेवर बसून रिकाम्या शेताकडे बघत राहतो आणि माशा घोंघावतात. आप्पा त्या दिवशी आले होते. थोडा वेळ बघून म्हणाले, ‘‘आरं, ह्याच्यापेक्षा मला बघ की. मीबी असाच बसतो. मला कोन बक्षीस देतंय का इचार.’’

‘‘आप्पा, तुम्ही बसता तेव्हा निदान खोकता तरी,’’ मी म्हणालो. ‘‘हा तेवढापण आवाज करत नाही.’’

‘‘बदल मग. त्यो येईल आन् ह्या म्हाताऱ्यालाच उचलून न्येईल.’’

आम्ही हसलो, बायकोसुद्धा. हसता हसता तिघांनीही उसाकडे पाहिले.

सगळ्यांत वरचा नंबर अखेर घरगुती रडक्या सिनेमांचा लागला. पूर्वी त्यांना मी दोनच्या वर कधी मार्क दिले नव्हते. सासू बोलते, सुना बोलतात, थोरला भाऊ घर सोडून जाताना बोलतो, आणि कोणी रडत असले तरी खालून बासरी नाहीतर सनई चालू. खंड म्हणून नाही. गायीही शांत राहायच्या. मी त्यांना साडेनऊ दिले आणि रोज संध्याकाळी दिवस मावळायच्या आधी तसलाच एक लावायचा असे ठरवून टाकले. आप्पा लांबून ओरडायचे, ‘‘व्हय रं, आज कुनाच्या घरची वाटनी?’’

अशात दौंडहून मुलीचा फोन आला. तिला दुसऱ्यांदा दिवस गेलेले, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलेले. सासूबाई त्यांच्या आजारपणात. पाच वर्षांची पोर तिला आवरेना. बायको माझ्याकडे बघत राहिली. इथे काय चालले आहे हे मुलीला माहीत होते, म्हणूनच ती स्पष्ट मागत नव्हती. मीच म्हणालो, ‘‘पाठवून दे तिला. मी आहे ना. डोळ्यांआड होऊ देणार नाही.’’

नात आली आणि माझी झोप गेली. आमच्या भागात कुणाचे काय झाले ते इथे लिहीत नाही. ज्यांचे गेले त्यांना ते वाचावे लागू नये. पण लहान पोरे उंचीने किती असतात ते मला सारखे दिसायला लागले. अंगणात ती उभी राहिली की माझी नजर आधी तिच्या मानेकडे जायची. तिच्या मापाचा पट्टा मिळत नव्हता आणि मिळाला असता तरी तिने घातला नसता. आजीचा पट्टा बघून ती म्हणाली होती, ‘‘आज्जी, तू भूभू झालीस का?’’

एकदा मी न बघता एक जंगलाचा सिनेमा लावला. संगणकावर बनवलेला वाघ, आणि नायक त्याच्याशी कुस्ती खेळतो. वाघाचे केस ओले होत नव्हते, पावसातसुद्धा. त्यासाठी मी मार्क कापत होतो. तेवढ्यात नातीने विचारले, ‘‘आबा, हा आपला आहे का?’’

बायको उठून आत गेली. मी बटण दाबून पुन्हा सासू-सुना लावल्या.

पोरगी हुशार. सिनेमा संपला की पडद्यावर पुढचे चौकोन येतात. त्यातला एक निवडून रिमोटचे बटण दाबायचे काम तिने स्वतःकडे घेतले. आम्ही गोठ्यात असलो तरी आवाज कधी बंद पडायचा नाही. गोठा घराच्या मागच्या अंगाला आहे. तिथून पडवी दिसत नाही, पण ऐकू सगळे येते. आवाज चालू म्हणजे नात जागेवर आहे, हे आम्ही दोघांनीही धरून चाललो. तसे आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

मग तोड आली. बीडकडची ऊसतोड्यांची टोळी आली आणि आमच्या शेताच्या पलीकडच्या मोकळ्या रानात त्यांनी कोप्या घातल्या. बांबूच्या कमानी, वरून ताडपत्री, दार म्हणून साडीचा पडदा. तोडणी नदीच्या बाजूने सुरू झाली. ऊस जाणार म्हणून आम्हाला बरे वाटायला हवे होते. पण मी रोज संध्याकाळी बघायचो, तर फड लहान लहान होत आमच्या घराकडे सरकत होता. आत जे काही असेल तेही सरकत असणार. टोळीतल्या बायकांना मी विचारले, काही दिसले का. त्यांनी नाही म्हणून सांगितले. एक म्हणाली, ‘‘मालक, आमी कोयता चालवायचा का वाघ बघायचा?’’

शेवटी घरासमोरचा पट्टा तेवढा राहिला. उद्या सकाळी तोडू, असे मुकादम म्हणाला. त्या संध्याकाळी मी नेहमीपेक्षा लवकर टीव्ही लावला, आवाज वाढवला, नातीला भिंतीशी बसवून रिमोट हातात दिला आणि आम्ही दोघे धारेला गेलो. बाहेर अजून लख्ख दिसत होते. सिनेमात तीन जावांचे भांडण चालू होते. मधली जाऊ विष खाते म्हणत होती. बादली निम्मी भरली. मग समेट झाला, सगळे एकदम रडले, सनई मोठी झाली आणि सिनेमा संपला.

पुढचा लागला नाही.

मी वाट पाहिली. दुधाची धार बादलीत पडत होती तेवढाच आवाज. मी हाक मारली, ‘‘पुढचा लाव गं, बाळा.’’

बायकोने माझ्याकडे पाहिले. मी पुन्हा हाक मारली. मग बादली तिथेच ठेवून पळालो. मागे ती कलंडल्याचे ऐकू आले.

पडवीत टीव्हीवर चौकोन दिसत होते. रिमोट जमिनीवर नीट ठेवलेला होता. नात नव्हती. घरात नव्हती, पलंगाखाली नव्हती, न्हाणीत नव्हती. पायवाट रिकामी आणि पलीकडे ऊस. मी उसाकडे बघत उभा राहिलो आणि माझ्या तोंडून आवाज निघेना. बायको पट्टा न घालता अनवाणी थेट उसाच्या तोंडाशी गेली आणि तिथे उभी राहून हाका मारू लागली. मी तिला मागे ओढले पाहिजे, हे मला कळत होते. आत शिरले पाहिजे, हेही कळत होते. दोन्ही केले नाही. जमिनीकडे बघू लागलो. काय शोधत होतो ते सांगतो: चप्पल, रिबीन, ओढल्याची खूण. आप्पांच्या अंगणात कुत्र्याची तशी खूण मी पाहिलेली होती.

हाका ऐकून आप्पा काठी घेऊन आले. ‘‘काय झालं?’’

‘‘पोरगी...’’ मी एवढेच म्हणालो.

‘‘कवापासनं?’’

भांडण सुरू असताना ती बसलेली होती की विष खाण्याच्या वेळी उठली, की आम्ही पाठ फिरवल्याबरोबर गेली, काहीच माहीत नव्हते. मी सबंध वेळ तिन्ही जावांचे बोलणे ऐकत होतो आणि पोर ठीक आहे असे समजत होतो.

‘‘उसात नगा शिरू,’’ आप्पा म्हणाले. ‘‘आधी कोप्यांकडं बघू. मानसं हायेत तिथं, बत्ती घेऊन येतील.’’

आम्ही पायवाटेने पळालो. उसाच्या कडेकडेनेच ती वाट आहे. कोप्यांपाशी चुली पेटलेल्या होत्या. एका कोपीसमोर पाचसहा पोरे घोळका करून बसली होती आणि मध्ये वीट लावून एक मोबाईल उभा केलेला होता. घोळक्यात आमची नात, पुढच्या पोराच्या खांद्यावर हनुवटी टेकवून. मोबाईलमध्ये कोणीतरी कोणाला तरी इमारतीवरून खाली फेकत होते.

मी नातीला उचलले. मला तिला मारावेसे वाटले आणि मी तिला इतके घट्ट धरले की ती ओरडली, ‘‘आबा, सोडा ना! शेवट राहिलाय!’’

कोयता धुणारी एक बाई उठून आली. ‘‘तुमची व्हय ही? आमाला वाटलं सांगून आली आसंल.’’

‘‘का आलीस इकडे?’’ मी नातीला विचारले. ‘‘तुला बस म्हणून सांगितलं होतं ना?’’

‘‘आपल्या टीव्हीवर सगळ्या बायका रडतात,’’ ती म्हणाली. ‘‘रोज रडतात. इथला भारी आहे.’’

ती बाई हसली. ‘‘खरंय लेकराचं. आमी हितून ऐकतो की. म्हनलं ह्या घरात लईच दुःख हाय.’’

आप्पासुद्धा हसले. मला हसता आले नाही. पाच वर्षांच्या पोरीला काय आवडेल हे मी एकदाही विचारले नव्हते. बिबट्याला काय आवडणार नाही याचाच विचार करत होतो. मी आजूबाजूला पाहिले. घोळक्यातली दोन पोरे नातीहून लहान होती. त्यांच्यामागे ताडपत्री, ताडपत्रीमागे अंधारत चाललेले रान.

‘‘पोरांना आत घ्या,’’ मी त्या बाईला म्हणालो. ‘‘इथं बिबट्या आहे.’’

‘‘आत म्हंजी कुठं, मालक?’’ ती म्हणाली. तिने साडीचा पडदा बोटाने उचलून दाखवला आणि सोडला.

त्यांना त्या रात्री आमच्या घरात झोपायला या म्हणालो. मुकादम म्हणाला, एकाला नेले तर सगळ्यांना नेले पाहिजे. शेवटी बायका आणि लहान पोरे आली. टीव्ही मी घरात घेतला, दार लावले आणि पोरांना हवी ती हाणामारी लावली. मार्क दिले नाहीत.

सकाळी शेवटचा पट्टा तोडायला घेतला. सगळी वस्ती काठ्या घेऊन उभी. नात बायकोच्या कडेवर, दाराच्या आत. कोयते चालत गेले, ऊस आडवा होत गेला आणि आतून काही निघाले नाही. मला हायसे वाटायला लागले होते. तेवढ्यात कालच्या त्या बाईने हाक मारली, ‘‘मालक, हिकडं या.’’

पायवाटेपासून तीनचार सऱ्या आत पाचट दाबून गोल बसकण केलेली होती. गुळगुळीत, रोजच्या वापराची. पिवळट केस चिकटलेले. थोडी हाडे. ठसे कुणालाही ओळखता येतील असे. मी तिथे उकिडवा बसलो. बसल्यावर मला समोर आमची पडवी दिसली, मधोमध, आणि टीव्ही ठेवायचे टेबल. मध्ये पायवाट. नात काल संध्याकाळी तिथून एकटी गेली होती.

आप्पा माझ्यामागे वाकून बघत होते. मग म्हणाले, ‘‘आवाजाला भ्याला न्हाई त्यो.’’

सगळ्या आठवड्यांचा माझा हिशेब तिथे संपला. सिनेमाच्या आवाजाने तो लांब राहतो, असे धरून मी खंड मोजत बसलो होतो आणि तो तिथे पडून होता. आदल्या संध्याकाळी होता की नव्हता, पोर जाताना त्याने मान उचलली की नाही, हे कळायला मार्ग नाही. केव्हा उठून गेला आणि कुठे गेला, तेही नाही. टोळी दुपारी आप्पांचा फड धरणार होती. तो ऊस अजून उभा होता.

मी मुलीला फोन केला आणि झाले ते सगळे सांगितले, काही न वगळता. ती रडली. मग म्हणाली, ‘‘बाबा, आत्ताच्या आत्ता आणा तिला. मी पडल्या पडल्या बघीन.’’

ऊन डोक्यावर असताना निघालो. स्कूटरवर नात माझ्यापुढे उभी. भीमेचा पूल येईपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस होता, काही ठिकाणी फांद्यांसारखा रस्त्यावर झुकलेला. मी वेग वाढवला. ती मला मोबाईलवरच्या सिनेमाची गोष्ट सांगत होती: त्याला खाली फेकले, मग तो मेला नाही, मग त्याने गाडी उचलली.

आवाजाचा काही उपयोग नसतो, हे मी सकाळी डोळ्यांनी पाहिले होते.

‘‘मोठ्यानं सांग,’’ मी म्हणालो. ‘‘अजून मोठ्यानं.’’